भिंगातून मोजलेली गर्दी

जून २०२५ मध्ये चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं आली, तेव्हा माझा भाचा आमच्याकडे इंदूरला होता. भंवरकुआंला स्पर्धापरीक्षेचा क्लास, राहायला मामाचं घर. सकाळी पोह्यांवर शेव घालता घालता त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. काळ्या कापडावर रवा सांडावा तसे ठिपके.

"मामा, यातले बहुतेक ठिपके म्हणजे एकेक दीर्घिका. दहा वर्षांत अशा वीस अब्ज टिपणार म्हणे. पण नुसत्या मोजून काय मिळणार?"

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं एक अख्खं गाव. आपली आकाशगंगा हे त्यातलंच एक. प्रश्न रास्त होता. मी शाळेत वर्षानुवर्षं भौतिकशास्त्र शिकवलंय, तरी पोहे गार होईस्तोवर मला काही त्याला नीट सांगता आलं नाही. मोजून काय मिळतं ते सांगणं सोपं. पण जेवढ्या दिसल्या तेवढ्याच तिथे आहेत का, इथे मी अडकलो. मधे एक भिंग आहे, आणि ते बाजूला काढून ठेवता येत नाही.

गर्दीवरून गाडा ओळखायचा

इंदूरच्या सराफ्यात रात्री दहानंतर गेलेल्यांना सांगायला नको. दागिन्यांच्या दुकानांची शटरं खाली येतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याचे गाडे लागतात. समजा, तुम्ही तिथल्या एखाद्या जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरून बघताय आणि गाड्यांवर ताडपत्र्या ताणल्या आहेत. खाली दिसतात ती फक्त डोकी. पण ती सारखी पसरलेली नसतात. इथे तीस जणांचं कोंडाळं, तिथे दहा-बारा जण, मधे वाट मोकळी. भुट्ट्याचा कीस कुठे मिळतोय हे गाडा न दिसताही कळतं.

विश्वात डोकी म्हणजे दीर्घिका आणि ताडपत्रीखालचे गाडे म्हणजे कृष्णद्रव्य. हे द्रव्य प्रकाश देत नाही, अडवतही नाही. त्याचं अस्तित्व जाणवतं ते फक्त गुरुत्वाकर्षणातून. विश्वाच्या एकूण जमाखर्चात आपल्या ओळखीचं द्रव्य, म्हणजे तारे, वायू, धूळ, तुम्ही-आम्ही, जेमतेम ५ टक्के. कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के. उरलेली सुमारे ६८ टक्के कृष्ण ऊर्जा, जी विश्वाच्या प्रसरणाला वेग देते. जिथे कृष्णद्रव्य जास्त साचलं, तिथे दीर्घिका जास्त जन्मल्या.

आता घोळका मोजायचा कसा? कुठलंही एक डोकं धरा. त्याच्यापासून हातभर अंतरात आणखी किती डोकी आहेत? मग कल्पना करा, तेवढीच माणसं मुठीनं तांदूळ उधळावेत तशी कशीही विखुरली असती, तर हातभरात किती सापडली असती? पहिला आकडा दुसऱ्याहून जितका मोठा, तितका घोळका दाट. मग हातभराऐवजी दोन हात, दहा हात, गल्लीचं हे टोक ते ते टोक. प्रत्येक अंतराला हा जादाचा हिशेब मांडला की जी रेघ मिळते, तिला मी या लेखापुरतं 'घोळकेपणा' म्हणतो.

ही रेघ एका काळाची मिळाली की काम संपत नाही. दूरचं बघणं म्हणजे जुनं बघणं, कारण तिथला प्रकाश निघून अब्जावधी वर्षं झालेली असतात. तेव्हा वेगवेगळ्या अंतरांवरचा घोळकेपणा म्हणजे वेगवेगळ्या काळांतला घोळकेपणा. गुरुत्वाकर्षण द्रव्याला एकत्र ओढतंय, कृष्ण ऊर्जा सगळं पांगवतेय, आणि या रस्सीखेचीत कोण कधी किती पुढे होतं हे त्या रेघांवरून वाचता येतं. भाच्याला हवं होतं ते उत्तर एवढंच.

वाटेत उभं असलेलं भिंग

वस्तुमान प्रकाशाची वाट वाकवतं, हे आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्तातून येतं. २९ मे १९१९च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्राझीलमधल्या सोब्राल इथून आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून सूर्यामागच्या ताऱ्यांचे फोटो घेतले गेले आणि ते आपल्या जागेवरून किंचित सरकलेले दिसले. सूर्याच्या अगदी कडेशी हे सरकणं १.७५ सेकंद. इथला सेकंद घड्याळातला नव्हे, अंशाचा ३६००वा भाग.

सूर्य तसा किरकोळ. अख्खी दीर्घिका किंवा दीर्घिकांचा थवा मधे आला, तर मागच्या वस्तूच्या दोन-दोन प्रतिमा दिसतात, किंवा ती ओढून कमानीसारखी होते. अशी जुळी प्रतिमा पहिल्यांदा सापडली १९७९ साली. या सगळ्याला गुरुत्वीय भिंग म्हणतात. वर्तमानपत्रांत रंगीत फोटो येतात ते या कमानींचे आणि कड्यांचे, पण त्या दुर्मीळ. मोजणीत खोडा घालतं ते वेगळंच, जवळजवळ न दिसणारं भिंग. दूरच्या प्रत्येक दीर्घिकेचा प्रकाश वाटेतल्या कृष्णद्रव्याच्या उंचवट्यांमधून आणि खळग्यांमधून येतो. तिथे ना कमान होते, ना कडं. प्रतिमा साधारण टक्का-दोन टक्के, कित्येकदा त्याहूनही कमी, लहान किंवा मोठी होते. एकेकट्या दीर्घिकेकडे बघून हे कधीच कळणार नाही, कारण ती मुळात केवढी होती हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?

आजोबांचं पंचांग

आमच्या घरी आजोबांचं एक पितळी मुठीचं भिंग अजून आहे. ते पंचांग त्यातून वाचत. लहानपणी मला त्यातली एक गंमत कळायची नाही. भिंग धरलं की बारीक टिपा वाचता यायच्या, ज्या नुसत्या डोळ्यांनी राखाडी रेघोट्याच वाटायच्या. म्हणजे वाचता येणारी अक्षरं वाढली. पण भिंगाच्या चकतीत पूर्वी चार ओळी मावत, तिथे आता दोनच. म्हणजे अक्षरं कमी झाली. मग वाढली की घटली?

आकाशात अगदी हेच होतं. गुरुत्वीय भिंग मागच्या आकाशाचा तुकडा ताणून मोठा करतं. दुर्बिणीची चौकट तेवढीच, तेव्हा तिच्यात मूळ आकाशाचा लहान भाग मावतो आणि दीर्घिका कमी दिसतात. दुसरीकडे, प्रत्येक दीर्घिका आकारानं मोठी दिसते पण तिचा उजळपणा पातळ होत नाही, म्हणून तिचा एकूण प्रकाश वाढतो. दुर्बिणीला ठरावीक मंदपणाच्या खालचं दिसत नाही. जी दीर्घिका त्या मर्यादेच्या जरा खाली होती, ती आता आत येते. एकच ताण एका हातानं देतो आणि दुसऱ्या हातानं काढून घेतो. आकाशाचं ताणलं जाणं आणि प्रकाशाचं वाढणं यांचं प्रमाणही नेमकं सारखंच.

कट-ऑफच्या खाली किती जण उभे आहेत?

मग निव्वळ वाढ की घट, हे कोण ठरवतं? हे मात्र भाच्याला लगेच समजलं, कारण तो रोज त्याच चिंतेत असतो. परीक्षेत सगळ्यांना दोन गुण वाढवून दिले, तर यादीत नव्यानं किती जण येतील? कट-ऑफच्या लगेच खाली झुंबड असेल तर ढीगभर. तिथे तुरळक मुलं असतील तर दोन-चारच.

आकडे घालून बघू. समजा, भिंगामुळे आकाशाचा एक तुकडा १.१ पट मोठा झाला. (प्रत्यक्षात एवढं क्वचितच होतं. हिशेब डोळ्यांना दिसावा म्हणून घेतलंय.) भिंग नसतं तर त्या चौकटीत १००० दीर्घिका दिसल्या असत्या. ताणामुळे १.१ नं भागायचं, उरल्या ९०९. आता मर्यादा १.१ पट खाली गेल्यानं किती आत आल्या ते पाहायचं. मंद दीर्घिकांची झुंबड असेल आणि संख्या २१ टक्क्यांनी वाढली, तर ९०९च्या होतात ११००. वाढ १० टक्के असेल, तर पुन्हा बरोबर १०००, जणू भिंग नव्हतंच. आणि वाढ जेमतेम ५ टक्के असेल, तर साडेनऊशेच्या आसपास, म्हणजे भिंगानं मोठं करूनही दीर्घिका घटल्या.

मला स्वतःला यातला मधला प्रकार सगळ्यात विलक्षण वाटतो. भिंग आहे, त्यानं प्रत्येक दीर्घिकेला हात लावलाय, तरी मोजणीत त्याचा मागमूस नाही.

ओळख ना पाळख, तरी नातं

आता खरा घोळ. समोर ४०० कोटी प्रकाशवर्षांवर कृष्णद्रव्याचा मोठा ढीग आहे आणि त्याच्याभोवती दीर्घिकांचा घोळका आहे. त्याच दिशेला, पार मागे, ९०० कोटी प्रकाशवर्षांवर दुसऱ्या दीर्घिका आहेत. या दोन गटांचा एकमेकांशी कधी संबंध आलेला नाही. पण पुढच्या ढिगानं मागच्या आकाशाला भिंग लावलंय. त्यामुळे पुढे जिथे घोळका, नेमकं तिथेच मागे दीर्घिका जास्त, किंवा कमी, दिसतात. कागदावर नातं तयार होतं, प्रत्यक्षात ते नाहीच. त्यातून मागच्या थरातल्या, म्हणजे साधारण एकाच अंतरावरच्या, ज्या दीर्घिका एकाच ढिगाच्या आडून दिसतात, त्यांच्याही जोड्या बिघडतात, आणि तो परिणाम त्या थराच्या स्वतःच्या घोळकेपणात मिसळून बसतो.

या आभासी नात्यानं एकेकाळी मोठं रण माजवलं होतं, आणि त्यात आपला एक माणूसही होता. क्वेसार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं. हॉल्टन आर्प या अमेरिकी निरीक्षकाला असे क्वेसार जवळच्या दीर्घिकांच्या आसपास अपेक्षेपेक्षा जास्त दिसले. त्याचं म्हणणं, हे दूरचे नाहीतच, याच दीर्घिकांमधून बाहेर फेकले गेलेत. तसं असतं तर दीर्घिकांची अंतरं ज्यावरून काढतात ती ताम्रसृती, म्हणजे दूर जाणाऱ्या वस्तूच्या प्रकाशाचं तांबड्या रंगाकडे सरकणं, हा आधारच डळमळला असता. बहुतेकांनी आर्पला मोडीत काढलं. जयंत नारळीकरांनी तसं केलं नाही. त्यांनी १९९३ मध्ये आर्पबरोबर शोधनिबंधही लिहिला. (नारळीकर कोल्हापूरला जन्मले खरे, पण वाढले बनारसला, आमच्यासारखेच मराठी मुलखाबाहेर. रुबिनचे फोटो यायच्या महिनाभर आधी, २० मे २०२५ला ते गेले.)

पुढे २००५ साली 'स्लोन' या मोठ्या आकाश-सर्वेक्षणातल्या सुमारे २ लाख क्वेसारांची आणि १ कोटी ३० लाख दीर्घिकांची सांगड घातली गेली. निकाल भिंगाच्या हिशेबाशी जुळला, आणि तोही दोन्ही बाजूंनी. तेजस्वी क्वेसारांच्या बाबतीत कट-ऑफखाली झुंबड असते, म्हणून ते पुढच्या दीर्घिकांच्या आसपास जास्त दिसले. मंद क्वेसारांच्या बाबतीत ती नसते, म्हणून ते कमी दिसले. क्वेसार त्या दीर्घिकांमधून बाहेर पडले असते, तर मंद क्वेसार तिथे कमी का दिसावेत? आर्पची एकेक जोडी यातून सुटत नाही, पण आकडेवारीतल्या जादा क्वेसारांसाठी ताम्रसृती मोडीत काढायची गरज उरली नाही. नारळीकरांची बाजू इथे पडली असं म्हणावं लागेल. तरी दिसतंय ते नाकारू नका, हा त्यांचा हट्ट मला चुकीचा वाटत नाही. जादा क्वेसार दिसत होते, ते खरंच दिसत होते.

"एक टक्का तर आहे, सोडून द्या की!"

भाच्याचा पहिला आक्षेप हाच. शंभर दीर्घिका मोजणाऱ्यानं खुशाल सोडावं. शंभरांत योगायोगाचीच चूक दहाएक असते, तिथे भिंगाचा एक टक्का कोण विचारतो? पण योगायोगाची चूक नमुना वाढला की आक्रसते. एक कोटी मोजल्या की ती ०.०३ टक्क्यावर येते. भिंगाची चूक मात्र आक्रसत नाही. मंडईतल्या तराजूत पासंग असेल, तर भाजी शंभर वेळा तोलून सरासरी काढा, पासंग तसाच राहणार. उलट बाकीच्या चुका कमी झाल्या की तोच उठून दिसायला लागतो. वीस अब्ज दीर्घिकांच्या जमान्यात भिंग महत्त्वाचं झालं ते एवढ्याचसाठी. भिंग वाढलेलं नाही, आपली नजर बारीक झाली.

"कुठे जास्त, कुठे कमी, गोळाबेरीज शून्यच ना?"

अख्ख्या आकाशाची सरासरी काढली तर हो, जवळपास शून्य. ढिगांमागे आकाश ताणलं जातं, रिकाम्या जागांमागे आक्रसतं. पण घोळकेपणा सरासरी मोजतच नाही. तो मोजतो उंचसखलपणा, आणि भिंगही उंचसखलपणाच घडवतं. खड्डे आणि गतिरोधक मिळून रस्ता सरासरीनं सपाट आहे, असं रिक्षात बसलेल्याला सांगून बघा.

"पुढचे-मागचे वेगळे करा म्हणजे झालं!"

हा आक्षेप वजनदार आहे, आणि तो पुरता खोटाही नाही. प्रत्येक दीर्घिकेचा वर्णपट, म्हणजे तिच्या प्रकाशाची रंगांत केलेली बारीक फोड, घेतला, तर ताम्रसृती नेमकी मिळते आणि थर पातळ कापता येतात. पातळ थरात खऱ्या शेजाऱ्यांचा घोळकेपणा जोरदार असतो, त्यापुढे भिंगाचा वाटा बारका ठरतो. पण अब्जावधी दीर्घिकांचे वर्णपट घेणं शक्य नाही. रुबिनसारखी वेधशाळा काही रंगांतल्या तेजावरून अंतराचा अंदाज बांधते, म्हणजे कपड्यांवरून वय ओळखण्यासारखं. थर जाड होतात, पुढचे-मागचे मिसळतात. अशा सर्वेक्षणांच्या पूर्वतयारीत केलेल्या हिशेबांत दिसून आलंय की भिंग गृहीत धरलं नाही, तर कृष्ण ऊर्जेबद्दलचे आणि न्यूट्रिनो नावाच्या हलक्या कणांच्या वस्तुमानाबद्दलचे निष्कर्ष बाजूला सरकतात.

आणि थर कितीही पातळ कापला तरी त्याच्या पुढ्यातलं द्रव्य तिथून हलत नाहीच.

मग मार्चमधल्या त्या बातमीचं काय?

मार्च २०२५ मध्ये बातमी आली होती की कृष्ण ऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असावी. ती अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवरच्या 'डेसी' या उपकरणाची. ते एका वेळी पाच हजार प्रकाशतंतूंनी वर्णपट घेतं, आणि हा निष्कर्ष १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसारांवरून काढला होता. ही सगळी भिंगाची करामत तर नसेल?

नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्याजोगं आहे. विश्व अगदी बाळ असताना त्यात ध्वनिलहरी फिरल्या. त्यांचा ठसा म्हणून आजच्या मापानं सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षं अंतर असलेल्या जोड्या किंचित जास्त सापडतात. घोळकेपणाच्या रेघेवर तिथे एक टेंगूळ येतं. 'डेसी'नं मोजलं ते मुख्यतः त्या टेंगळाची जागा. भिंगाचा परिणाम सगळ्या अंतरांवर सावकाश पसरलेला असतो. त्यानं रेघ जरा वर-खाली होते, टेंगूळ जागचं फारसं हलत नाही. तो निष्कर्ष शोध म्हणून मान्य व्हायला लागणाऱ्या कसोटीपर्यंत अजून पोचला नव्हता, ही गोष्ट वेगळी. पण त्याचा दोष भिंगावर घालता येणार नाही.

खोट्या दीर्घिका सोडून बघायच्या

आता भिंग काढता येत नसेल, तर हिशेबात धरायचं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, पुढचं द्रव्य किती आणि कुठे आहे. हे भिंगच सांगतं, कारण ते दीर्घिका मोठ्या करताना त्यांचे आकार एका बाजूला किंचित ओढतंही. लाखो आकारांमधला तो सामायिक कल मोजला की द्रव्याचा नकाशा मिळतो. आजकाल आकारांचा हिशेब, घोळकेपणाचा हिशेब आणि दोघांचा एकमेकांशी हिशेब असे तिन्ही एकत्रच सोडवतात. एकानं थाप मारली तर दुसरा पकडतो. वाटेतली धूळही मोजणी बिघडवते, पण ती सापडते, कारण धूळ प्रकाशाला लालसर करते. गुरुत्वाकर्षण रंगाला हात लावत नाही.

दुसरी गोष्ट, कट-ऑफखाली झुंबड किती आहे. हे वाटतं तितकं सरळ नाही. सर्वेक्षणात दीर्घिका फक्त तेजावर निवडलेली नसते. आकार, रंग, शेजारच्या ठिपक्यात मिसळली आहे का, अशा चाळण्या एकीखाली एक लावलेल्या असतात, आणि भिंग त्यातल्या बऱ्याच चाळण्यांमधून दीर्घिकेला इकडची तिकडे करतं. 'डार्क एनर्जी सर्व्हे' या दीर्घिकांच्या सर्वेक्षणवाल्यांनी यावर केलेला उपाय मला फार आवडला. ते दुर्बिणीच्या खऱ्या छायाचित्रांत संगणकानं बनवलेल्या खोट्या दीर्घिका सोडतात आणि आपलीच यंत्रणा त्यातल्या किती पकडते ते बघतात. मग त्याच खोट्या दीर्घिका किंचित मोठ्या करून पुन्हा सोडतात. दोन्ही वेळच्या मोजणीतला फरक म्हणजेच ती झुंबड.

"म्हणजे मॉक टेस्ट," भाचा म्हणाला.

त्यानं आजोबांचं भिंग कपाटातून काढलं आणि मोबाइलवरच्या त्या रव्याच्या ठिपक्यांवर धरलं. लाल, हिरवे, निळे चौकोन दिसले. दीर्घिका एकही वाढली नव्हती.